काचमहाल, शुभ्र नगरी आणि वेंब्लीचा ताज

जुने फोटो : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी विचारले होते की परदेशातल्या जुन्या भव्य प्रदर्शनांचे फोटो किंवा कार्डे कुणाच्या घरी आहेत का. देवगडपासून दापोलीपर्यंत पत्रे आली. आपल्या किनाऱ्यावरची माणसे बोटीवर गेली, गोदीत गेली, आणि ट्रंकेत अशी कार्डे घेऊन परतली, हे त्या पत्रांतून पुन्हा दिसले. ज्या प्रश्नांच्या उत्तराचा इतरांनाही उपयोग होईल, ते इथे घेतले आहेत.

प्रश्न : काकू, माझे आजोबा १९२० नंतर बरीच वर्षे विलायतेच्या बोटीवर खलाशी होते. त्यांच्या पेटीत एका काचेच्या प्रचंड इमारतीचे कार्ड मिळाले. मागे पेन्सिलीने 'काचमहाल लंडन १८५१' असे लिहिले आहे. आजोबा सांगायचे, "ह्यो काचेचो म्हाल मी डोळ्यान बघलंय." मग हा फोटो १८५१ चा कसा? मोबाईलवर फोटो काढून पाठवत आहे. (एक वाचक, देवगड)

उत्तर : आजोबांचे म्हणणे खरे आहे. त्यांनी पाहिला तो काचमहालच, म्हणजे क्रिस्टल पॅलेस. फक्त तो हाइड पार्कमधला नव्हे, लंडनच्या दक्षिणेला सिडनहॅमच्या टेकडीवरचा.

१ मे १८५१ ला हाइड पार्कमध्ये जे मोठे प्रदर्शन उघडले, त्यासाठी जोसेफ पॅक्स्टन यांनी लोखंड आणि काचेची इमारत आखली. लांबी १,८४८ फूट, जवळपास तीन लाख काचा. प्रदर्शन पाच-साडेपाच महिने चालले, साठ लाखांवर लोक येऊन गेले, आणि उद्यान मोकळे करून द्यायचे ठरलेलेच असल्याने इमारत उतरवली. तेच सामान, आणखी बरीच भर घालून, सिडनहॅमला उभे केले गेले आणि ते १८५४ मध्ये खुले झाले. ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री आग लागून तो महाल संपला. म्हणजे पहिली इमारत काही महिने होती आणि दुसरी ब्याऐंशी वर्षे. हाताळता येण्याजोगे कॅमेरे, छापील कार्डे, स्टिरिओ कार्डे (भिंगातून पाहायची दोन फोटोंची जोडी) हे सगळे दुसरीच्या काळात आले. म्हणून कुणाच्या घरी काचमहालाचा खरा फोटो निघाला तर मी आधी सिडनहॅम धरून चालते, आणि हाइड पार्क म्हणण्यासाठी पुरावा मागते.

आता तुमच्या कार्डातला पुरावा पाहू. छताकडे बघा. हाइड पार्कच्या इमारतीचे लांब दालन पायऱ्यापायऱ्यांचे होते आणि त्याचे छप्पर वरून सपाट होते. अर्धगोल कमान होती ती फक्त मधल्या एका आडव्या दालनाला. तुमच्या फोटोत लांब दालनावरही या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्धगोल छत गेले आहे. हे सिडनहॅमला केले. शिवाय डाव्या कडेला जो उंच, बारीक मनोरा अर्धवट दिसतो, तो पाण्याचा. बागेतल्या कारंज्यांना जोर मिळावा म्हणून इंजिनियर ब्रुनेल यांनी महालाच्या दोन टोकांना असे दोन मनोरे बांधले, उंची सुमारे २८० फूट. हाइड पार्कमध्ये ते नव्हतेच. मनोरा दिसला की वाद संपला.

याहून मोलाची खूण उजव्या बाजूला आहे. सिडनहॅमच्या महालाला तीन आडवी दालने होती, मधले सर्वांत मोठे आणि दोन्ही बाजूंना एकेक लहान. ३० डिसेंबर १८६६ ला उत्तरेकडचा भाग जळाला आणि तिकडचे आडवे दालन पुन्हा कधी बांधले नाही. बागेकडून पाहताना उत्तर बाजू उजव्या हाताला येते. तुमच्या फोटोत मधले दालन आहे, डावीकडचे आहे, उजवीकडे नुसतीच लांब भिंत. म्हणजे हा फोटो १८६६ नंतरचा. एका जळलेल्या भागाने आपल्याला इतके नेमके सांगितले. इमारत अखंड राहिली असती तर हे कळायला मार्ग नव्हता.

मग कार्ड उलटे करा. मागे मधोमध उभी रेघ आहे: एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला पत्ता. ब्रिटनमध्ये अशी विभागलेली पाठ १९०२ पासून चालू झाली. त्याआधी मागच्या बाजूला फक्त पत्ता लिहायचा. तेव्हा कार्ड १९०२ नंतर छापलेले, फोटो १८६६ नंतरचा, आणि आजोबांनी महाल पाहिला तो १९३६ च्या आगीपूर्वी. तीन वेगळ्या तारखा आहेत, त्या वेगळ्याच ठेवा. फोटो कधी काढला, तो कधी छापला आणि तो घरात कधी आला, हे तीन प्रश्न एकत्र करून एक साल शोधायला गेले की हमखास गोंधळ होतो. पेन्सिलीने लिहिलेले १८५१ हे महालाच्या जन्माचे साल आहे, आणि त्या अर्थाने ते बरोबर आहे.

हाइड पार्कचा खरा फोटो कसा ओळखावा, तेही सांगून ठेवते. आत पूर्ण वाढलेली एल्मची झाडे दिसली पाहिजेत. ती तोडू नयेत असा लोकांचा आग्रह होता, म्हणून मधले दालन त्यांच्यावरून उंच कमान करून नेले. प्रदर्शनातल्या वस्तू तपासणाऱ्या परीक्षकांच्या अहवालाच्या काही प्रतींत दीडशेच्या वर खरे फोटो चिकटवले होते, त्यांत वस्तूही आहेत आणि दालनेही. मात्र आत काचेचे उंच कारंजे दिसले म्हणून लगेच हाइड पार्क म्हणू नका. ऑस्लर यांनी केलेले ते २७ फुटी कारंजेही पुढे सिडनहॅमला नेले.

मुंबईला गेलात तर काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन बघून या. १८६० च्या दशकात वॉटसन हॉटेल म्हणून उभ्या राहिलेल्या या इमारतीचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात तयार होऊन जहाजाने आला, आणि तो आखणारे रोलंड मेसन ऑर्डिश हे काचमहालाच्या कामावर होते. आज तिची अवस्था फार वाईट आहे, मला ते पाहवत नाही. पण खांब, तुळई आणि कोनाड्याचा तो एकसारखा घाट डोळ्यांत बसला की काचमहालाचे फोटो वेगळेच दिसू लागतात.

प्रश्न : ताई, माझा नातू बारावीत आहे. मोबाईलवर तो काही व्हिडिओ बघतो. त्यांत १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाचे फोटो दाखवून सांगतात की एवढ्या भव्य संगमरवरी इमारती दोन वर्षांत बांधणे अशक्य होते, त्या कुठल्यातरी बुडालेल्या प्राचीन साम्राज्याच्या होत्या, प्रदर्शनाच्या नावाखाली त्या दाखवल्या आणि मग मुद्दाम नष्ट केल्या. रस्ते रिकामे का, आकाश पांढरे का, असेही विचारतात. मला उत्तर देता येत नाही. नातू हुशार आहे, त्याला गप्प बसवायचे नाही. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : त्याला गप्प बसवू नका, हे तुम्ही फार चांगले केले. त्याचे प्रश्न खरे आहेत. रस्ते रिकामे का, आकाश पांढरे का, हे विचारायलाच हवे. व्हिडिओवाले प्रश्न विचारतात आणि उत्तर शोधायच्या आधीच साम्राज्य आणून उभे करतात, एवढीच तक्रार आहे. आपण एकेक प्रश्न घेऊ.

आधी संगमरवर. त्या इमारतींत संगमरवर नव्हता. आतून लाकडाचा आणि लोखंडाचा सांगाडा, आणि त्याला बाहेरून 'स्टाफ' नावाच्या मिश्रणाचे साचेबंद तुकडे ठोकलेले. स्टाफ म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, थोडे सिमेंट आणि तागाचे तंतू. पॅरिसच्या १८७८ च्या प्रदर्शनातही ते वापरले होते. नातवाला गणेशचतुर्थीआधी एखाद्या गणपतीच्या शाळेत घेऊन जा. प्लास्टरच्या मोठ्या मूर्तीला साच्यात घालताना आत काथ्या घालतात, तो कशाला, हे त्याला मूर्तिकारालाच विचारू दे. नुसते प्लास्टर ठिसूळ असते, तंतू त्याला धरून ठेवतो, आणि मूर्ती आतून पोकळ, हलकी राहते. एकदा साचा केला की त्यातून शंभर खांबांची शंभर सारखी शीर्षे निघतात. शिकागोच्या त्या पांढऱ्या महालांवरचे पुतळे, पाने, सिंह असेच साच्यातून निघाले. दगड घडवायचा असता तर दोन वर्षे खरोखरच पुरली नसती, इथपर्यंत व्हिडिओवाल्यांचे बरोबर आहे.

रंगाचेही तसेच. उद्घाटनाची तारीख जवळ आली तेव्हा ब्रशने रंगवत बसायला वेळ नव्हता, म्हणून दाबाच्या हवेने नळीतून पांढरा रंग फवारला. सगळे एका रंगात असल्यामुळे त्याला 'शुभ्र नगरी' म्हणू लागले. मधल्या तळ्याभोवतीच्या इमारतींची कार्निस (भिंतीच्या माथ्यावरची पुढे आलेली पट्टी) ६० फुटांवर एका रेषेत ठेवायची, असे वास्तुकारांनी आपसांत ठरवून घेतले होते. कामाचे प्रमुख डॅनियल बर्नहॅम, आणि जॅक्सन पार्कच्या दलदलीतून तळी व बागा काढणारे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड. शैली मात्र रोमन ठेवली. फोटो पाहताना माणूस इथेच फसतो. शैली दोन हजार वर्षांपूर्वीची असली म्हणून भिंत तितकी जुनी होत नाही. आपल्याकडे मागच्या दशकात बांधलेल्या देवळाचा कळसही हेमाडपंती वळणाचा असू शकतो.

बांधकामाचे फोटो नाहीत, असे व्हिडिओत सांगतात म्हणे. ते भरपूर आहेत. प्रदर्शनाचे अधिकृत फोटोग्राफर चार्ल्स डडली अर्नोल्ड यांनी उघड्या फासळ्या, लाकडी परांची, चिखलात रुतलेल्या गाड्या, अर्धवट चढवलेले प्लास्टर, सगळे टिपून ठेवले आहे. उत्पादने आणि विद्या-कलांचे जे सर्वांत मोठे दालन होते, १,६८७ फूट लांब आणि ७८७ फूट रुंद, त्याच्या पोलादी कमानी उघड्या असतानाचे फोटो तर पुन्हा पुन्हा पाहावेत असे आहेत. नातवाला तेच आधी दाखवा. पूर्ण झालेल्या इमारतीचा फोटो थक्क करतो, आणि ती कशी झाली हे अर्धवट बांधकामाच्या फोटोतच दिसते.

आता रिकामे रस्ते. इथे मी माझ्या कामातले सांगते. मालवणला सासऱ्यांच्या स्टुडिओत मी लग्न होऊन आल्यापासून रिटचिंग करत असे. निगेटिव्हवर पेन्सिलीने काय घालता येते आणि काय काढता येते, हे हातांना माहीत आहे. १८५० च्या दशकातल्या फोटोत रस्ता रिकामा असेल तर बहुधा चालणारी माणसे लांब एक्स्पोजरमध्ये, म्हणजे काचेवर उजेड बराच वेळ पडू दिल्यावर, उमटलीच नाहीत. नीट पाहिले तर कुठेतरी धुरकट डाग, दोन पाय आणि धड नाही, असे काही सापडते. पण १८९३ पर्यंत जिलेटिनच्या कोरड्या प्लेटा (फोटो टिपायच्या काचा) आल्या होत्या, भर उन्हात क्षणभराचे एक्स्पोजर पुरे होते. तेव्हा शिकागोतला रिकामेपणा तांत्रिक नाही, ठरवून आणलेला आहे. अर्नोल्ड यांना भव्य, निर्मळ नगरी दाखवायची होती, म्हणून ते लोक आत यायच्या आधी मोठा कॅमेरा लावत. सावल्या बघा, लांब आणि आडव्या आहेत.

आणि इतरांना तसे फोटो काढता येऊ नयेत अशी व्यवस्थाच होती. सामान्य माणसाला स्टँड आत नेता येत नसे, प्लेट चार बाय पाच इंचांहून मोठी चालत नसे, आणि छोटा कॅमेरा वापरायचा तर दिवसाला दोन डॉलर वेगळे भरायचे. प्रवेश पन्नास सेंटचा होता, त्यावरून दोन डॉलर किती होते ते कळेल. तरीही हौशी लोकांनी कोडॅकवर फोटो काढलेच. त्या तिरप्या, अंधुक फोटोंत गर्दी आहे, दमून बाकावर बसलेल्या बायका आहेत, जमिनीवर कागदाचे कपटे आहेत. प्रदर्शनाच्या काळात दोन कोटी सत्तर लाखांहून अधिक वेळा लोक आत गेले. त्याच चौकाचा एक अधिकृत आणि एक हौशी फोटो शेजारी ठेवून बघा. मला तर हौशी फोटोच अधिक आवडतात. खांबाची उंची त्याच्याजवळ उभ्या असलेल्या माणसावरूनच नीट समजते.

पांढरे आकाश : त्या काळच्या प्लेटा निळ्या रंगाला फार जागरूक होत्या. इमारतीसाठी बरोबर असलेल्या एक्स्पोजरमध्ये आकाश पार जळून जाई आणि छापात कोरा कागद उरे. मग पुष्कळ फोटोग्राफर दुसऱ्या निगेटिव्हवरून ढग छापत. आमच्याकडेही ढगांची एक काच जपून ठेवलेली होती, आणि बंदरावर काढलेल्या कितीतरी फोटोंत तेच ढग आहेत. दोन वेगवेगळ्या दिवसांच्या फोटोंत हुबेहूब तोच ढग आढळला तर कारस्थान समजू नका, डार्करूम समजा.

शेवट 'मुद्दाम नष्ट केल्या'चा. त्या टिकण्यासाठी बांधल्याच नव्हत्या. ३० ऑक्टोबर १८९३ ला प्रदर्शन संपले, पुढच्या जानेवारीत एक आग लागली, आणि ५ जुलै १८९४ ला, रेल्वे संपाच्या धामधुमीत, मोठी आग लागून मुख्य चौकाभोवतीच्या बहुतेक इमारती गेल्या. लाकूड, ताग आणि सुकलेले प्लास्टर दुसरे काय करणार? पण एक इमारत वाचली, आणि तिच्यामुळे सगळा खुलासा होतो. ललित कलांच्या दालनात देशोदेशींची मौल्यवान चित्रे उसनी आणली होती. आगीच्या भीतीने चित्रे पाठवायला कुणी तयार होईना, म्हणून तेवढे एक दालन स्टाफच्या आत विटांचे बांधले. वरचे प्लास्टर पुढे गळून पडले, विटा राहिल्या. नंतर बाहेरून चुनखडीच्या दगडाने मढवून १९३३ मध्ये तिथे विज्ञान आणि उद्योगाचे संग्रहालय उघडले. ते आजही तिथे आहे. तुमच्या नातवाला प्लास्टर गळत असतानाचे त्या इमारतीचे फोटो शोधायला सांगा. दोन हजार वर्षे जुन्या संगमरवराचे तीस वर्षांत असे पापुद्रे निघत नाहीत.

प्रश्न : आमच्या शाळेच्या सभागृहात एक मोठा छापील फोटो आहे. पाण्याच्या तळ्यात उभा स्त्रीचा प्रचंड पुतळा, दोन्ही हात वर, भोवती पांढरे महाल. खाली लिहिले आहे : 'स्वामी विवेकानंदांनी येथे भाषण केले.' हे बरोबर आहे का? (एक शिक्षिका, सावंतवाडी)

उत्तर : फोटो शिकागोचाच आहे, जागा चुकली आहे. तो पुतळा प्रजासत्ताकाचा, डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी केलेला, ६५ फूट उंच, आणि त्यावर सोन्याचा मुलामा. तो जॅक्सन पार्कमध्ये प्रदर्शनाच्या मुख्य तळ्यात होता. सर्वधर्म परिषद प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली, पण तिथे नाही. ती ११ सप्टेंबर १८९३ पासून शहराच्या मध्यभागी, मिशिगन अॅव्हेन्यूवरच्या नव्या इमारतीत झाली, प्रदर्शनापासून कित्येक मैल उत्तरेला. ती इमारत पक्की, दगडी बांधलेली होती, कारण परिषदा संपल्यावर ती शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटला द्यायची होती. आज दारात दोन ब्राँझचे सिंह असलेले जे कलासंग्रहालय आहे, तेच. स्वामीजी बोलले ते सभागृह मात्र तात्पुरते होते, मागच्या बाजूला.

मथळा बदला, फोटो काढू नका. ज्या शहरात स्वामीजी उतरले, त्या शहराचे त्या महिन्यांतले रूप त्यात आहे, आणि मुलांना ते पाहायला मिळाले पाहिजे. शेजारी आर्ट इन्स्टिट्यूटचा फोटो लावा. दोन्हींतला फरक, एक प्लास्टरची नगरी आणि एक दगडी इमारत, यावर तुमचा एक तास सहज होईल.

प्रश्न : एका पुठ्ठ्यावर दोन सारखे फोटो चिकटवलेले आहेत. आयफेल टॉवर, त्याच्या पायाशी प्रचंड गोल, नदीपलीकडे दोन मनोऱ्यांचा राजवाडा. एक फोटो कापून फ्रेम करावा म्हणतो. साल १८८९ का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : कृपा करून कापू नका. ते दोन फोटो सारखे नाहीत. दोन डोळ्यांमधले अंतर ठेवून घेतलेली ती जोडी आहे, आणि दोन्ही एकाच वेळी भिंगातून पाहिले की टॉवर कार्डातून पुढे येतो. वास्तू समजून घ्यायला स्टिरिओ कार्डाइतके चांगले साधन नाही. कुठली भिंत पुढे, कुठला घुमट मागे, खांब सुटे आहेत की भिंतीत अर्धवट, हे साध्या फोटोत कळत नाही ते इथे कळते. कापलात तर दोन मध्यम प्रतीचे फोटो हातात राहतील.

साल १९००. टॉवर १८८९ च्या प्रदर्शनासाठी उभा राहिला, पण पायाशी असलेला तो खगोलाचा गोल १९०० च्या प्रदर्शनातला. दोन मनोऱ्यांचा राजवाडा म्हणजे ट्रोकादेरो, तो १८७८ पासून १९३० च्या दशकापर्यंत होता, म्हणून एकटा त्याचा उपयोग नाही. पहिल्या मजल्याखालच्या कमानींवरची लोखंडी नक्षी १९३७ च्या सुमारास काढली, तीही दोन्ही प्रदर्शनांत होतीच. तुमच्याजवळ रंगीत कार्ड असते तर आणखी एक इशारा दिला असता : त्या काळातले बहुतेक रंग छापखान्यात चढवलेले, त्यावरून इमारतीचा रंग ठरवू नये.

प्रश्न : काकी, आमच्या पणजोबांनी घरी पाठवलेले ताजमहालाचे कार्ड आहे. पण ताजसमोर एवढे मोठे तळे आणि त्यात होड्या कशा? पणजोबा तर आग्र्याला गेल्याचे कुणाला आठवत नाही. कार्डावर सिंहाचे चित्र असलेले तिकीट आहे. (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : पणजोबा लंडनला गेले होते. हे वेंब्लीच्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनातले भारताचे दालन. २३ एप्रिल १९२४ ला ते प्रदर्शन उघडले आणि पुढच्या वर्षीही भरले. भारताचे दालन पांढरे, ताजमहाल आणि दिल्लीच्या जामा मशिदीवरून घडवलेले. घुमट आहे, मनोरे आहेत, पण नीट मोजा : मनोरे ताजसारखे चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर सुटे उभे नाहीत, इमारतीलाच जोडलेले आहेत. ज्यांनी कधी आग्रा पाहिला नाही त्यांच्यासाठी तो 'हिंदुस्थान' होता. आपल्या देशाची ओळख अशी दुसऱ्याने ठरवून, एका घुमटात आटोपून दाखवली जाते तेव्हा वाईट वाटते, आणि हे वाटणे बाजूला ठेवून तो फोटो मला पाहता येत नाही. तुमचे पणजोबा त्या घुमटासमोर उभे राहिले तेव्हा त्यांना काय वाटले असेल, हे कार्डावरच्या मजकुरात सापडते का, जरूर वाचा.

तिकीट फार मोलाचे आहे. सिंहाचे ते तिकीट म्हणजे ब्रिटनने काढलेले पहिले स्मारक तिकीट. १९२४ आणि १९२५ अशा दोन्ही वर्षांची निघाली आणि साल तिकिटावरच छापलेले आहे. भिंग लावून वाचा, तारीख तिथेच मिळेल. तिकीट वाफेवर काढायला जाऊ नका. कार्ड, तिकीट, शिक्का आणि अक्षर हे चारही एकत्र आहेत म्हणूनच त्याला किंमत आहे.

प्रश्न : आमच्याकडे दापोलीला पावसाळ्यात सगळ्या फोटोंना बुरशी धरते. एक फ्रेममधला फोटो काचेला चिकटला आहे. काही फोटोंच्या मागे चुलत्यांनी चुकीची नावे लिहिली आहेत, ती खोडून बरोबर लिहावी का? (एक वाचक, दापोली)

उत्तर : काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. जिलेटिन काचेला बसले आहे, ओढलेत की चित्र काचेवर राहील आणि हातात कागद येईल. आधी काचेतूनच चांगला फोटो काढून घ्या, कॅमेरा समोर सरळ धरून, खिडकीचा उजेड बाजूने घेऊन. सोडवायचे काम जाणत्या माणसावर सोपवा.

बुरशीला ओले फडके कधीही लावू नका. पाऊस पूर्ण सरून हवा कोरडी झाली की, पौष-माघात, सावलीत मऊ ब्रशने हलके झाडा, आणि तोंडावर रुमाल बांधा. फोटो माळ्यावर नकोत, चुलीच्या धुराने पिवळे पडतात. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटातही नकोत, ती भिंत पावसात ओल धरते. माजघरातल्या लोखंडी कपाटात, पाठीमागे हवा खेळेल असे ठेवा. चिकट पानांचे आल्बम टाळा आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. काचेच्या निगेटिव्ह एकावर एक रचू नयेत, लांब बाजूवर उभ्या ठेवाव्यात. हाताळताना कडा धरा.

चुलत्यांनी लिहिलेले खोडू नका. चुकीच्या नावातूनही घरात काय सांगितले जात होते ते कळते, आणि कदाचित चूक त्यांची नसून आपली असेल. वेगळ्या कागदावर मऊ पेन्सिलीने तुमचे म्हणणे, तारीख आणि तुम्हाला ते कशावरून वाटते हे लिहा, आणि तो कागद फोटोबरोबर ठेवा. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

ज्यांनी फोटो पाठवले त्या सर्वांना विनंती : पुढच्या वेळी फोटोची पाठ, माउंटच्या (मागच्या पुठ्ठ्याच्या) चारही कडा आणि बाजूला ठेवलेली मोजपट्टी अशी तीन चित्रे पाठवा. लांबी-रुंदी कळली की निम्म्या प्रश्नांची उत्तरे मला इथूनच देता येतील.